धाकट्याला धीर देण्याची दहा मिनिटं

सोमवार, ३ फेब्रुवारी. दुपारी ४.३०
धाकट्या भावाला जेलमध्ये जाऊन पाच महिने झाले. घरात खंबीर असा मी एकटाच, तेव्हा नोंद राहिलेली बरी. तो सकाळी आमच्या लॉन्ड्रीत आणि संध्याकाळी डॉक्टरांकडे कंपाउंडर असायचा. डॉक्टरांचा शिक्का मारून त्याने अर्ध्या गल्लीला आजारपणाची खोटी सर्टिफिकिटं वाटली. एक मलाही, मेव्हणीकडे जाणं टळावं म्हणून. कोर्टात मी माझ्या सर्टिफिकिटाचा उल्लेख केला नाही. कुटुंबाचा विचार करावा लागतो.

त्याला सोमवारी आणि गुरुवारी ४.१० ला फोन करता येतो. दहा मिनिटं, आणि एकच नंबर, माझा. नऊ मिनिटं झाली की रेकॉर्डमधली बाई सांगते, एक मिनिट उरलं. मग कट.

संकल्प: प्रत्येक फोनमध्ये धाकट्याला धीर देणे.

आजचा फोन मस्त झाला. माझी कंबर, बॉयलरची गळती, शेजारच्या टेलरचा आगाऊपणा, सगळं त्याच्या कानावर घातलं. कट होताना म्हणत होता, दादा, एक सांगायचं होतं. आभार मानणार असावा.

गुरुवार, ६ फेब्रुवारी
धीराचे सात मुद्दे कागदावर काढले. कागद वकीलसाहेबांच्या काळ्या कोटाच्या खिशात राहिला आणि कोट इस्त्रीखाली. इस्त्री जरा जास्त तापली होती. पाठीवर ताटाएवढी चकाकी. याच वकिलांनी धाकट्याची केस चालवली होती, त्यामुळे प्रकरण नाजूक.

फोनवर नाइलाजाने कोटाबद्दलच बोललो. धाकटा जेलच्या लॉन्ड्रीतच असतो. म्हणाला, ओलं फडकं टाक, वरून नुसती वाफ दे, दाबू नकोस, घाई करू नकोस. मी घाबरलो होतो, पण आवाजात येऊ दिलं नाही. ही म्हणते, रडत होतात.

सोमवार, १० फेब्रुवारी
कोट वाचला. माझा हात मुळात चांगला आहे. कसा वाचवला ते धाकट्याला सविस्तर सांगितलं. म्हणाला, दादा, तारीख लिहून घे. म्हटलं, वकिलांनी कोट कालच नेला, आता तारीख कशाला? तेवढ्यात ती बाई बोलली. तिला मध्ये तोंड घालायची खोडच आहे.

सोमवार, १७ फेब्रुवारी
गुरुवारी आवाज बसला होता, तरी बोललो. आज टेलरशी झालेलं भांडण पहिल्यापासून सांगितलं, दोन्ही आवाजांत. धाकटा मध्येच म्हणाला, वहिनीला दे फोन. आत कठीण दिवस आले असावेत, नाहीतर माझ्याशी बोलायचं सोडून असं कोण म्हणेल? म्हटलं, तिला कशाला त्रास, मी आहे ना.

गुरुवार, २० फेब्रुवारी
अनर्थ. कपडे पोचवायला गेलो आणि मोबाइल काउंटरवर राहिला. हिने उचलला. म्हणते, दोन मिनिटांत बोलणं झालं. दोन मिनिटांत कसला धीर देणार? ती काही सांगू लागली. म्हटलं, धाकट्याबद्दल मला कोणी सांगायची गरज नाही. म्हणाली, बरं, सोमवारी कळेलच. आणि तुम्ही त्याला बोलूच देत नाही.

विचार केला. टीकेत थोडं तथ्य आहे. सोमवारी फक्त ऐकणार.

सोमवार, २४ फेब्रुवारी. दुपारी ४.०५
ही सकाळपासून बाहेर. कुठे ते सांगितलं नाही. मोबाइल समोर, मध्येच बोलू नये म्हणून तोंडात लवंग. ऐकायला तयार.

४.२०
फोन नाही.

४.४०
फोन नाही. कोणाशी भांडला असेल? आजारी असेल? तीन शर्टांच्या कॉलरी जाळल्या.

संध्याकाळ
पाच वाजता ही दारात, मागे धाकटा. चांगल्या वागणुकीमुळे लवकर सुटला. न्यायला घरच्या माणसाने येऊन सही करायची असते, हेच तो तीन आठवडे सांगत होता. गुरुवारी हिने फोन उचलला नसता तर आज तो आतच राहिला असता. मला भडभडून आलं. बराच बारीक झालाय.

आल्याआल्या त्याने जळक्या कॉलरी पाहिल्या आणि इस्त्री बंद केली. मी त्याला खुर्चीत बसवलं आणि म्हटलं, आता तू बोल, मी ऐकतो. आत कसे दिवस काढलेस? तो सांगू लागला, पहिल्या रात्री झोप नाही आली. म्हटलं, झोपेचं म्हणशील तर माझी कंबर…

बऱ्याच वेळाने पाहिलं तर त्याची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे. विचारलं, काय रे? म्हणाला, काही नाही दादा, ती बाई कधी बोलते याची वाट बघतोय.