कपाटातला वास

प्रिय धाकटे,

मी सिगरेट सोडली. हसू नकोस. "भावोजींची शेवटची सिगरेट म्हणजे आमच्या सासूबाईंचा शेवटचा टोमणा, कधी यायचाच नाही," असं तूच म्हणायचीस. या वेळी खरंच सुटली.

जन्मभर लिफ्ट दुरुस्त करत मजल्यामागून मजले चढलो, आणि या हिवाळ्यात घरचेच दोन जिने चढताना भिंत धरून खाली बसलो. डॉक्टरीणबाई अगदी पोरसवदा. छाती तपासून म्हणाली, "काका, श्वास आता एवढाच उरलाय. जपून वापरा." घरी येऊन पाकीट चुरगळून टाकलं. पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नकोस. हात शिवशिवायचे, विनाकारण पोस्टमनवर खेकसायचो, पेन्सिली चावून चावून भुगा केला. पण टिकलो.

लोक शाबासकी देतात आणि माझी मान खाली जाते. तुझ्या ताईने त्यासाठी काय नाही केलं? विनवण्या केल्या, अबोला धरला, एकदा स्वतःची शपथ घातली. त्याच संध्याकाळी मी गॅलरीत पाठमोरा उभा राहून ओढली. तिच्या सगळ्या जन्माला जे जमलं नाही, ते एका परक्या पोरीच्या दोन वाक्यांनी झालं. आणि तेही ती गेल्यावर.

मग हळूहळू मला वास यायला लागले. साबणाचा, जिन्यातल्या फिनेलचा, कोऱ्या कागदाचा. मी म्हातारा घरभर हुंगत फिरत होतो. तेव्हा आठवलं, लहानपणी तू तिच्या मानेत तोंड खुपसून "ताईचा वास" म्हणायचीस. मला तो कधी आलाच नव्हता. ती गेल्यापासून तिचं कपाट उघडलं नव्हतं, ते काल उघडलं. तिचा निळा कोट तोंडाशी धरला. धूर. स्वेटर, रुमाल, तळाशी घडी घातलेला रेशमी कपडा, सगळ्यांना माझ्याच सिगरेटचा वास. मी तिथेच फरशीवर बसलो.

आणि कपाट अर्धं रिकामं होतं गं. चांगले कपडे ती तुझ्याकडे ठेवायची. कुठे जायचं असलं की आधी तुझ्या घरी जाऊन, तिथे बदलून मग निघायची. विचारलं तर म्हणायची, "आपल्याकडे जागा कुठे आहे?" तुला खरं कारण ठाऊक असणार. तूही कधी बोलली नाहीस. दोघी बहिणींनी मिळून माझी अब्रू झाकली.

फोन कितीदा हातात घेतला आणि ठेवून दिला, तोंडाने मागवेना. तिचा एखादा कपडा तुझ्याकडे अजून असेल का, न धुतलेला? असला तर पाठवू नकोस, या घरात तो आणूच नकोस. मीच येईन, स्वच्छ आंघोळ करून, कोरा सदरा घालून. थोडा वेळ जवळ धरेन आणि तुझ्याकडेच ठेवून परत जाईन. नाही म्हणालीस तरी रागावणार नाही.

तुझाच,
भावोजी