डोळ्यातलं कुंकू

शुक्रवार, कार्तिक वद्य तृतीया

खोकता खोकता डोळ्यातली बारीक शीर फुटली. पांढऱ्यात लालभडक डाग. डॉक्टर म्हणाले, "दुखत नाही, नीट दिसतंय, मग काळजी नको. फक्त चोळू नका. गार पाण्याची घडी ठेवा, डाग आपोआप जाईल."

मला मेलीला थट्टा सुचली. सुनेला म्हटलं, "कपाळाला चालत न्हाय, म्हणून डोळ्यात कुंकू लावलं गं!"

ती हसली न्हाय. "सासूबाय, माझ्या कुंकवाला नजर लावू नका," म्हणाली, नि नातवाला उचलून मुरुडला माहेरी गेली. लेकानंच गाडी जुंपली.

डाग जाईल. पण ती येईल का? घडी केव्हाच गरम झाली, बदलायला उठवत न्हाय. डाग गेला तरी दाखवू कुणाला? सकाळी नातू याच डोळ्याकडे बघून खुदकन हसला होता.