खाचेत बसलेला रेणू

२ मार्च, कुमासी, घाना
आजपासून तक्रार बंद. प्रयोगशाळेला कुबट वास, चहात मुंग्या, वीज गेली की जनरेटरची घरघर, शेजारचा माणूस टेबलावरच नखं कापतो. किळस. पण तक्रार नाही.
कच्च्या मालाची बाटली एकच आली आहे. त्यातून हिवतापावरचं एकच औषध बनेल : मी संगणकावर रचलेलं, नाहीतर सेलॉर्मचं. ती आमची रसायनवाली. अर्थात माझंच.

५ मार्च
सिम्युलेशन सुरू. पडद्यावर हिवतापाच्या जंतूचं प्रथिन, त्याच्या खाचेत माझ्या औषधाचा रेणू, भोवती पाणी. रेणू खाचेत टिकला तर औषध चालेल. पाणी स्थिरावेपर्यंत रेणू जागेवर बांधून ठेवायचा, मग सोडायचा. बांधला. जेवायला गेलो. इथला चवळी-भात, 'वाक्ये', गार, त्यावरचं अंडं हिरवट. शी!

९ मार्च
रेणू तसूभर हलला नाही! पाणी धडका मारतंय, प्रथिन लटपटतंय, हा ढिम्म. प्रोफेसर डांक्वा खूश. म्हणाले, 'क्वाकू, हा तर आमच्या सासूबाईंसारखा बसलाय! बाटली तुझी.'

१० मार्च
सेलॉर्म म्हणते, 'ब्रदर क्वाकू, पाणी स्थिरावल्यावर त्याला सोडलंत ना?' निव्वळ मत्सर. ओकारी येते. म्हटलं, आंटी, तुम्ही बाटल्या धुवा. म्हणाली, 'धुते की. पण ही बाटली उघडायच्या आधी तुमची फाईल बघते.'

११ मार्च, दुपार
सोडला नव्हता. तांत्रिक बाब. सोडून पुन्हा चालवलं. चहा गाळेपर्यंत रेणू खाचेबाहेर, पाण्यात भटकतोय. कृतघ्न. दोष पाण्याचा. प्रोफेसरांना सावकाश सांगेन.

१२ मार्च
सेलॉर्मनं सांगितलं. प्रोफेसर सगळ्यांसमोर : 'म्हणजे सासूबाईंना खुर्चीला बांधलं होतंस होय रे?' अकाउंटवालासुद्धा हसला. त्याला रेणू म्हणजे काय ते माहीत नाही!
सेलॉर्मनं तिचा रेणू चालवला, मोकळा सोडून. वळवळला, पण खाच सोडली नाही. बाटली तिला. संगणक माझा होता, हे कुणी बोलत नाही.

३० मार्च
तिचं औषध बनलं. बशीतले जंतू मेले. टाळ्या. मीही वाजवल्या, हळू.
अहवाल आला. शेवटच्या पानावर आभारांची यादी. माझं नाव आहे.
जनरेटरच्या खाली.