वाढ

४ मार्च
लॅबमध्ये शिंपल्यांच्या पाच पिशव्या आल्या, खाडीच्या पाण्याच्या दोन बाटल्या. वर नुसते नंबर — माल कुणाचा ते तपासणाऱ्याला कळू नये म्हणून. पण तिसऱ्या पिशवीची गाठ बघून हसूच फुटलं. अशी आडमुठी गाठ जगात एकच माणूस मारतो — आमचा दादा! कात्रीशिवाय सुटली नाही. त्याने खाडीत वाढवलेल्या शिंपल्यांची ही पहिलीच काढणी. मॅडमना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

५ मार्च
तिसऱ्या पिशवीचा नमुना लावलेल्या काचेच्या थाळीवर हिरवे ठिपके. आमच्या भाषेत 'वाढ' — आणि तीही जोरात! असले जंतू पोटात गेले तर म्हाताऱ्या माणसाच्या जिवावर बेततं.
मॅडम म्हणाल्या, "पुन्हा लाव. रिपोर्ट निघेपर्यंत बाहेर चकार शब्द नको."
वहिनीचा फोन — "वन्सं, काही कळलं का? हे धड जेवतही नाहीत." बघू, म्हटलं. दुसरं काय म्हणणार!

६ मार्च
पुन्हा तेच. दादा आशा लावून बसलाय आणि मी तोंडाला कुलूप लावून. राहवलं नाही. निघता निघता मेसेज टाकला — "वाढ जोरात आहे. रिपोर्ट येईपर्यंत गप्प राहा."
उत्तर आलं — "वा गं माझी वाघीण!"
वाघीण काय! वर्षभराची मेहनत पाण्यात गेली आणि याला थट्टा सुचतेय. लहानपणापासून असाच. रडू आलं की विनोद करतो. फार वाईट वाटलं.

७ मार्च
समजूत घालायला म्हणून दादाकडे गेले. ओट्यावर टरफलांचा ढीग, आणि आई बोटं चाटतेय! ती शिंपल्यांना नुसती वाफ दाखवते, जास्त शिजले की चिवट होतात म्हणून.
"अरे, सांगितलं होतं ना तुला!"
"सांगितलंस की! वाढ जोरात आहे म्हणून. मग पहिले चार आईला नकोत?"
शिंपले वाढवणाऱ्या माणसाला मी 'वाढ' म्हणून कळवलं! त्याने दुसरं काय समजायचं होतं?
आई म्हणाली, "तू का अशी पांढरी पडलीस? घे, एक खा."

८ मार्च
पहाटेपासून आईला उलट्या. हॉस्पिटलमध्ये हलवलं. दादा माझ्याकडे बघत नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

१० मार्च
काल हॉस्पिटलमधून एका रुग्णाचा नमुना आला होता. नुसता नंबर. आज थाळी उघडली. तेच हिरवे ठिपके.
मॅडमनी विचारलं, "वाढ आहे?"
"जंतू आहेत," मी म्हटलं. "आणि ती माझी आई आहे."