फक्त चांगलं लिही

शनिवार, ८ मार्च

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

खोलीत येऊन आज आठ दिवस झाले. चष्मेवाल्यांकडे रोज चाळीसच्या आसपास काचा घासते. मागच्या खोलीत मी एकटीच असते, म्हणून तिथे बरं वाटतं. इथे शेजारच्या खोलीची भिंत फोडतायत. तो आवाज माझ्या दातांत शिरतो. सोमवारी आणि मंगळवारी मी कपाटात बसून जेवले. नळ ठिबकतो. गुरुवारी रडले, वीस मिनिटं. नंतर भांडी घासली.

तुझ्या हातात सध्या विणायला कोणती खुर्ची आहे?

लोभ असावा. (तो आहे हे मला माहीत आहे, पण शेवटी असं लिहायचं असतं हे तूच शिकवलंस.)

तुझी नात


बुधवार, १२ मार्च

चि. मोजपट्टीस आजीचे आशीर्वाद, वि. वि.

पत्र पावलं. पोस्टमनकडून मीच घेतलं होतं, पण माझे दोन्ही हात खुर्चीच्या वेतात अडकलेले. तेवढ्यात तुझी आई आली आणि माझ्या मांडीवरून पत्र उचलून मोकळी झाली. तेव्हापासून घरभर येरझाऱ्या घालतेय. दुधावर साय धरत नाही इतक्यांदा पातेल्याजवळून जाते. मीही बसल्या जागी तीन वेळा तोच पेड उसवला.

अगं, कपाटात बसून जेवलीस हे लिहायचं कशाला? जेवलीस ना? मग जेवले एवढं लिहावं. रडलीस, तीही मोजपट्टीसारखी मिनिटं मोजून, तर डोळे धुतले म्हणून लिहावं. तुझ्या आईने किती कटकटीनंतर तुला महिनाभर एकटं राहू दिलंय, ते विसरलीस का? तीस तारखेच्या रविवारी अकरा वाजता ती येणार, बघणार, आणि तिचं मन धजलं नाही तर सामान बांधून तुला घरी आणणार. तू सहा वर्षांची असताना डॉक्टरीणबाईंनी स्वमग्नता म्हणून सांगितलं, त्या दिवसापासून तिने तुला काचेच्या बरणीसारखं दोन्ही हातांनी धरून ठेवलंय. आता तू चोवीस वर्षांची घोडी झालीस, तिचे हात दुखायला लागले, तरी सोडत नाही. मला नाव कळत नव्हतं तेव्हाही तू दिसत होतीस, नाव कळल्यावरही तीच दिसतेस, पण माझं ऐकतं कोण. मी तिसरीत शाळा सोडलेली बाई.

तर नीट ऐक. तुझी पत्रं ती वाचते. तीस तारखेपर्यंत फक्त चांगलं लिही. वाईटाचं एक अक्षर नको.

खुर्ची न्हाव्याची आहे. बूड पार गेलंय. तिच्यावर बसून माणसं सरळ कशी राहत होती कोण जाणे.

लोभ आहे, त्याची काळजी करू नकोस. आपली कर.

तुझी आजी


गुरुवार, २० मार्च

ती. आजीस,
सा. न. वि. वि.







लोभ असावा.

तुझी नात


मंगळवार, २५ मार्च

चि. मोजपट्टीस आजीचे आशीर्वाद, वि. वि.

हे काय पाठवलंस बये? वर नमस्कार, खाली लोभ, मधे नुसता कागद. मी उलटा करून पाहिला, खिडकीशी धरून पाहिला. तुझ्या आईचा तर चेहराच उतरला. तू फोन रविवारी अकरालाच उघडतेस हे माहीत असून तिने बारा वेळा लावला. मग चष्मेवाल्याला लावला. तो म्हणाला, मुलगी वेळेवर येते, काचा चोख घासते. त्यावर तुझी आई म्हणते, काचा चोख म्हणजे पोरगी चोख असं कोणी सांगितलं.

माझ्या डोक्यात जरा उशिराने उजेड पडला. मी फक्त चांगलं लिही म्हटलं, आणि तुझ्या आठवड्यात चांगलं काही घडलंच नाही. बरोबर ना? मी तिला कबूल केलं, हा उपद्व्याप माझा. तर ती माझ्यावरच उलटली. म्हणाली, म्हणजे आठ दिवसांत एकही चांगली गोष्ट नाही, हे तर आजारपणापेक्षा वाईट.

परवा सकाळच्या गाडीने ती निघतेय. रविवारपर्यंत थांब म्हणून मी घसा फोडला. हे पत्र तिच्या आधी पोचावं म्हणून स्वतः टपालपेटीपर्यंत जातेय, गुडघ्याला शिव्या देत. तिला सगळं खरं सांग. तुझी खोली जाते की राहते ते आता तुझ्याच हातात. मी आणखी काही शिकवायला गेले तर आहे तेही बिघडवीन.

रागावली असलीस तरी लोभ ठेव.

तुझी आजी


गुरुवार, २७ मार्च

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

गुरुवारी दुकान बंद असतं. आई पावणेबाराला आली. ती रविवारी येणार होती. आवाज आईचा होता, पण दिवस आईचा नव्हता, म्हणून मी दार उघडलं नाही. ती दार वाजवत राहिली. मी कान झाकून भिंतीशी बसले. खालची शिंपीण वर आली, तीही वाजवायला लागली.

मग मी कागदावर लिहिलं की आज गुरुवार आहे, तू रविवारी येणार आहेस. दाराखालून सरकवला. वाजवणं थांबलं. आईने गाडीच्या तिकिटामागे लिहून विचारलं की तू आजारी आहेस का. मी लिहिलं, नाही. तिने विचारलं, पत्र कोरं का. मी लिहिलं, आजीने फक्त चांगलं लिहायला सांगितलं होतं. तेव्हा तिने वाईट लिहायला सांगितलं.

मी चार कागद लिहिले. भिंत फोडतात त्याचं काय केलं: गवंड्याला वेळा विचारल्या, तो आता रोज सकाळी त्या दारावर खडूने लिहून ठेवतो, त्या वेळात मी वाचनालयात बसते. नळ ठिबकतो: तोटीला दोरा बांधला, पाणी दोऱ्यावरून उतरतं, आवाज येत नाही. ट्यूबलाइट गुणगुणते: काढून ठेवली, टेबलावरचा दिवा लावते. शिंपीण पाठीवर थोपटायची: मला हात लावू नका म्हणून सांगितलं, ती तीन दिवस बोलली नाही, चौथ्या दिवशी माझ्या बाहीची शिवण उसवलेली पाहून ओरडली. बस दुसऱ्या रस्त्याने गेली: उतरून चालत गेले, पन्नास मिनिटं उशीर झाला, चष्मेवाले ओरडले, मी कारण सांगितलं, मग मोरीत जाऊन रडले, मग काचा घासल्या.

चारही कागद सरकवले. दाराखालच्या फटीतून आईचे पाय दिसत होते. मग कागद आला, की दोऱ्याची युक्ती मला माहीत नव्हती. त्यानंतर दुसरा, की रविवारी अकराला येते. आणि ती जिना उतरून गेली.

ती रागावली होती का ते मला कळलं नाही. पाय हलत नव्हते. तुला कळलं तर लिही.

तुझं पत्र आई गेल्यावर दुपारी आलं.

लोभ असावा.

तुझी नात


सोमवार, ३१ मार्च

चि. मोजपट्टीस आजीचे आशीर्वाद, वि. वि.

विचारलंस म्हणून सांगते. रागावली नव्हती, घाबरली होती. तुझ्या आईचं दोन्हीला तोंड एकच आहे, मलाही चाळीस वर्षं फरक कळला नाही.

गुरुवारी संध्याकाळी परतली ती थेट न्हाव्याच्या खुर्चीवर बसायला गेली. बूड मी नुकतंच कापून काढलेलं. कमरेपर्यंत आत रुतली, पाय वर. मी हसले, ती हसली, आणि हसता हसता तिचं रडणं सुरू झालं. मी वेत भिजवायला निघून गेले. मला ते जमत नाही. पाठीमागून ऐकलं, की चोवीस वर्षांत ही पोरगी माझ्याशी एवढं कधी बोलली नव्हती आणि आज बोलली ती बंद दाराआडून.

काल ती साडेदहालाच तुझ्या कोपऱ्यावर जाऊन उभी होती, हातात घड्याळ धरून. हे तिने स्वतः सांगितलं. तुझं सामान भरायला दोन मोठ्या पिशव्या नेल्या होत्या. घडी न मोडता परत आणल्या. खोली तुझी. चावी तुझी. पुढच्या खेपेला दिवस आणि वेळ आधी कळवून येईन, असं म्हणते. बघू किती पाळते. चुकली तर दार उघडू नकोस.

आज सकाळपासून ती माझ्या शेजारी बसून तुला पत्र लिहितेय. तिसरा कागद चाललाय. मी मान लांब केली तर हाताने झाकते. जन्मात हिने मला चार ओळींच्या वर लिहिलं नाही, आणि आता वेगळं पाकीट, वेगळं तिकीट, वर डिंकाचा हा एवढा थर. मला एका जागी बसवत नाही. त्यात माझ्याविषयी काय लिहिलंय तेवढं उलट टपाली कळव. तू तर शब्द न् शब्द कळवशील.

माया आहे, ती दोघींनी सारखी वाटून घ्या.

तुझी आजी