तीन ठिपक्यांचं संगीत

१४ मार्च

प्रिय ताईस,

सप्रेम नमस्कार. आम्ही ठीक. माझा गुडघा कुरकुरतो, आणि बायको त्याच्यावर नि माझ्यावर सारखीच चिडते. आठ वर्षांनी माझं अक्षर पाहून तू वाईटच धरून चालशील, म्हणून आधीच सांगतो, वाईट बातमी नाही.

आमच्या वाद्यवृंदाने मला पाच मिनिटांची रचना करायला सांगितली, इंटरनेटवरच्या एखाद्या कलाकृतीवरून. मी तुझी निवडली. बहिणीची आहे हे कोणाला बोललो नाही. पांढरं पान, त्यावर फोनवर समोरचा लिहीत असताना हलतात तसे तीन ठिपके. कितीही वेळ बसा, मजकूर येत नाही. मी बिघाड समजून पान तीनदा उघडलं. हसू नकोस.

तीन ठिपके म्हणून तीन क्लॅरिनेट घेतली. आळीपाळीने एकच सूर. बाकी चाळीस जण वाद्यं उचलून तयार. काल तालमीत संचालक बाईंनी हात थांबवला.

"बाकीचे कधी सुरू होतात?"

"होत नाहीत."

"मग वाट कशाची बघतात?"

मी स्वरलिपीच्या वहीत डोकं घातलं. म्हातारे चेलोवाले म्हणाले, "अहो, हात भरून आला माझा. निदान आमचं काय चुकलं ते तरी सांगा."

सगळे हसले. मी जिन्यात जाऊन बसलो.

आठ वर्षांपूर्वी आई गेली त्या दुपारी तू फोनवर लिहिलं होतंस, "मी येऊ का?" तुझा नि आईचा अबोला होता. मी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. नातेवाईक काय म्हणतील, एवढंच डोक्यात. पाठवलं काहीच नाही. तुला पलीकडे ते ठिपके तासभर दिसले असतील, हे मला काल जिन्यात कळलं. आणि लोकांना मी सांगितलं, ताईला ये म्हणून कळवलं होतं, तीच आली नाही.

ते पान माझ्यावर आहे का? की मला जिथे तिथे मीच दिसतो? ही रचना माफी आहे की चोरी? डोकं चालत नाही.

आज बाईंना सगळं सांगितलं. "आधी बहिणीला विचारा," त्या म्हणाल्या. "ती नको म्हणाली तर वाजवायचं नाही." मग मामांना फोन करून खरं सांगितलं. त्यांनी मला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. शेवटी म्हणाले, "तिला आम्ही काय काय बोललो रे."

कार्यक्रमाचं तिकीट पाठवत नाही. तिकीट म्हणजे परत तूच यायचं. गुरुवारी सकाळच्या गाडीने मीच येतो. दार उघडायचं की नाही, ते तू ठरव.

तुझा धाकटा,
ज्याने कळवलं नव्हतं