गादी उसवण्याआधी

बुलढाणा
२३ नोव्हेंबर, रविवार

प्रिय मुबी,

गणेशच्या हातात पत्र पाहून आधी घाबरशील. आजकाल पाकिटात काही आलं तर ते बँकेचं नाहीतर कोर्टाचं असतं. म्हणून पहिल्याच ओळीत सांगते, सगळे बरे आहेत. आई बरी आहे, माझा नवरा तर तुझ्यासमोर उभाच आहे, त्याला चहा पाज. ईश्वरीबद्दल पुढे लिहिते. फोन करता आला असता. दोनदा केलाही होता. तू म्हणालीस, "बोल ना वं, घोळून काऊन राह्यली?" आणि मी कापसाचा भाव विचारून फोन ठेवून दिला. तोंडाने सांगणं मला जमणार नाही हे तेव्हाच कळलं. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे. लेकीकडून, मलिहाकडून वाचून घेऊ नकोस. तूच वाच, दोन दिवस लागले तरी चालतील.

गणेशबरोबर एक गादीही पाठवते आहे. निळ्या पट्ट्यांची, आमच्या माहेरच्या कोठीवर इतकी वर्षं पडून होती ती. तुझ्या नवऱ्याला, अकरमभाईंना सांग, तिला हात लावू नका. आणि तूही हे पत्र संपेपर्यंत ती उसवू नकोस.

तू ती ओळखशीलच. आपली सातवी संपली त्या उन्हाळ्यात तुझ्या अब्बांनी, गनीचाचांनी आमच्या अंगणात बसून पिंजली होती. गावात पिंजायची मशीन आली ती त्याच्या पुढच्या वर्षी. त्यामुळे चाचांच्या धुनकीचा, त्या पिंजायच्या धनुष्याचा टुंग टुंग आवाज आमच्या अंगणात शेवटचा घुमला तो तेव्हा. कापूस उडून आपल्या दोघींच्या केसांत, भुवयांत बसला होता. तू आरशात बघून म्हणाली होतीस, "पाह्य जयू, आपण म्हाताऱ्या झालो, आता नातवंडं सांभाळा." शिवायला तुझ्या हातात दाभण दिलेलं ते पहिल्यांदाच. एक बाजू चाचांनी शिवली आणि उरलेली तुझ्यावर सोपवली. तुझे टाके एक इकडे, एक तिकडे. चाचा हसले नाहीत. आई मात्र खूप हसली आणि मग तिनेच ठरवलं की ही गादी कधी उसवायची नाही, गनीभाईचा हात आणि मुबीचा पहिला टाका आहे हिच्यावर. फक्त पाहुण्यांसाठी काढायची. मी माहेरी गेले की तिच्यावर झोपत नाही, सतरंजीवर पडते. आई चिडवते, "बुलढाण्याची मडम झाली, कापूस टोचते तिले." टोचायचा तो कापूस नव्हता, मुबी.

जरा मागे जाते. तुमच्या दुकानात खुंटीला तो चामड्याच्या खोळीतला रेडिओ टांगलेला असायचा. गाणं ऐन रंगात आलं की खरखर सुरू व्हायची, आणि चाचा धुनकी न थांबवता डाव्या हाताने त्याला एक थापड मारायचे. गाणं परत. तू त्याच दुकानात एका जागी पाच मिनिटं बसलीस असं मला आठवतच नाही. कापसाच्या ढिगावर, मग उंबऱ्यावर, मग रस्त्यापलीकडे बकरीच्या मागे. हातातलं काम अर्धं टाकून. तीन पाट्या हरवल्यास, चपलांचा तर हिशेबच नाही. नूरबीचाची कपाळाला हात लावायच्या, "इस लडकी के पाँव में अल्लाह ने मशीन बिठाई है." आणि मधूनच, बोलता बोलता, तू थांबायचीस. डोळे उघडे, पण बघत कुठेच नाहीत. उजव्या हाताचा अंगठा बोटांवर फिरायचा, सूत वळल्यासारखा. मग परत येऊन तू भलत्याच ठिकाणाहून बोलायला लागायचीस. वर्गातल्या पोरी ओरडायच्या, "स्टेशन गेलं, स्टेशन गेलं! मुबीचं स्टेशन गेलं!" तूही हसायचीस. कशाला हसताहेत ते तुला कधीच माहीत नसायचं, हे मला आत्ता कळतं आहे.

आता ईश्वरीचं. पोरगी दहा वर्षांची झाली. तू तिला शेवटचं पाहिलंस चाचा गेले तेव्हा, तुझ्या घरातले सगळे चमचे तिने मोजून एका रांगेत लावले होते आणि मग रांग तशीच टाकून माळ्यावर चढली होती. तू मला कोपर मारून म्हणालीस, "हे तर माहीच पोरगी हाय, चुकून तुह्या घरी आली." मी हसले खरी, पण परत येताना राजूर घाट चढेपर्यंत तेच वाक्य डोक्यात होतं. त्याच वर्षी शाळेतून चिठ्ठी आली, आम्ही डॉक्टरांकडे गेलो, आणि तिच्या चंचलपणाला नाव मिळालं, एडीएचडी. नाव मिळाल्यावर मला बरंच वाटलं. लक्ष न लागणं, विसरणं, उड्या मारणं, सगळं त्या एका नावात घालून मी मोकळी झाले. ती जेवताना घास हातात धरून थबकायची, तेही मी त्यातच घातलं. मीच, मुबी. जिने वर्षभर बाकावर तुझ्या शेजारी बसून तेच पाहिलं होतं, तिने.

या जूनमध्ये ती सायकलवरून पडली. कुणाचा धक्का नाही, खड्डा नाही. हात तसेच हँडलवर, आणि सरळ भिंतीवर गेली. मग मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी डोक्याला वायरी लावून मेंदूचा आलेख काढला. म्हणाल्या, ही मिरगी आहे, पण तुम्ही समजता तशी तोंडाला फेस आणणारी नाही. काही सेकंद मेंदूचा दिवा लुकलुकतो, एवढंच. पोर पडत नाही, ओरडत नाही, म्हणून कुणाला कळतही नाही. मी विचारलं, मग पहिला आजार खोटा होता का? त्या म्हणाल्या, दोन्ही खरे आहेत. हे दोन आजार एकाच मुलात पुष्कळदा सोबत दिसतात, का ते अजून पूर्ण कळलेलं नाही. कुणाकुणाला त्यांच्या जोडीला झोपेचा त्रास असतो, कुणाला जिवाची घाबरगुंडी. एकातून दुसरा होतोच असं नाही, पण एक दिसला की दुसरा त्याच्या मागे लपतो, कारण लोकांना वाटतं, हे पोर असंच आहे.

मग त्यांनी सांगितलं, मुलगी नुसती तंद्रीत आहे की झटका आहे हे घरी कसं ओळखायचं. तंद्रीतलं मूल हाक मारली, हात लावला की बहुतेक वेळा भानावर येतं. झटक्यातलं येत नाही. मला एक कागद दिला, रकाने आखलेला. रोज लिहायचं. तारीख, वेळ, किती सेकंद, हात कसे होते, हाक मारल्यावर आली का. गणेश म्हणाला, "सोपं आहे, जयमालाचं अक्षर चांगलं आहे." मी तो कागद लगेच पर्समध्ये टाकला. कारण तसा कागद मी आधी भरला होता. अकरा-बारा वर्षांची असताना, पूर्ण वर्षभर.

तुला आठवतं, सातवीत गुरुजींनी मला तुझ्या शेजारी बसवलं? तुला वाटलं मैत्रिणी म्हणून. त्यांनी मला टेबलाजवळ बोलावून सांगितलं होतं, "ते पोट्टी सोंग करते. ध्यान गेलं की चिमटा घ्यायचा, आन दिवसातून किती खेपा गेलं ते वहीत लिहायचं." मला त्यात काही वाईट दिसलं नाही. चाचा रेडिओला थापड मारायचे आणि गाणं परत यायचं, तसंच ते मला वाटलं. शिवाय वर्गात काम मिळालेली मी एकटीच. मी चिमटे घेतले, मुबी, दंडाच्या आतल्या बाजूला, जिथे दिसत नाही. तू संध्याकाळी नळावर बाही वर करून निळे डाग पाहायचीस आणि मला विचारायचीस, "काऊन वं, मले काई लागलं होतं का?" तुझ्याशी खोटं बोलताना मी तुझ्या डोळ्यांत बघायची. आणि वहीत काय लिहिते म्हणून विचारलंस तेव्हा म्हणाले, पाढे.

मी शहाणी मुलगी होते, म्हणून नुसत्या रेघा नाही मारल्या. मनात एक, दोन, तीन मोजून किती वेळाने तू परत येतेस ते लिहिलं. कधी आठ, कधी बारा. हात कसा फिरतो ते लिहिलं. आणि प्रत्येक पानावर तेच पुन्हा पुन्हा, "चिमटा घेतला, आली नाही." सोंग करणारी मुलगी चिमट्याने ओरडली असती. हे माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं आणि ते मीही वाचलं नाही, गुरुजींनीही नाही. त्यांनी फक्त शेवटच्या पानावरची बेरीज वाचली.

तुला शाळेतून काढायचं चाचांनी ठरवलं असं तू आजवर समजतेस. घरात काम वाढलं, दुकानाला हात हवा होता, म्हणून. मी त्या दिवशी वर्गाच्या दारात उभी होते. चाचा कामावरून तसेच आलेले, पापण्यांवर कापूस. गुरुजींनी त्यांच्यापुढे वही धरली आणि सांगितलं, पोरगी सोंग करते, घरीच ठेवा. चाचांना मराठी वाचता येत नव्हतं. त्यांनी पानं उलटली, मग माझ्याकडे पाहिलं, हसले आणि म्हणाले, "जयू बेटीनं लिवलं म्हणजे खरंच असन, गुरुजी." बस. दुसऱ्या दिवसापासून तू दुकानात. मी भेटायला आले तर चाचांसाठी दाभणात सूत ओवत होतीस, म्हणालीस, "बरं झालं, आता पाढे नाही का काई नाही." मला गुरुजींनी वही परत दिली आणि शाबासकी म्हणून शाईचा पेन दिला. तो मी कधी उघडला नाही, आणि फेकलाही नाही.

दिवाळीत आईने सांगितलं की तुझा हात भाजला. "पोई शेकता शेकता थांबली म्हणे, हात तव्यावरच राह्यला. तिले अजूनबी तसंच होते, पोरी. लोक म्हणतात, ध्यान नसते तिचं." मलिहाही आईला म्हणाली म्हणे, अम्मीचं कामात लक्षच नसतं. दाभण बोटात जातं आणि रक्त दिसेपर्यंत तुला कळत नाही, हेही. मी ऐकत बसले आणि समोर कोठीवर ती निळी गादी होती. परत येताना ती गाडीत घालून इकडे आणली.

त्या उन्हाळ्यात, मुबी, शेवटचा कोपरा शिवायचा राहिला असताना तू दाभण तसंच खोचून पाणी प्यायला गेलीस. म्हणजे पाणी प्यायला, मग बोरीखाली, मग कुठेतरी. मी घरातून वही आणली आणि त्या कोपऱ्यातून आत, कापसात, हात कोपरापर्यंत घालून ढकलली. तू परत आलीस आणि गाणं म्हणत वरून शिवून टाकलंस. माझं पाप तुझ्याच टाक्यांनी बंद झालं. तीस वर्षं मला वाटत होतं की ते तिथे बरं आहे.

आता हे का लिहिलं ते सांगते. मी डॉक्टरीणबाईंना तुझं नाव न सांगता सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, वहीत खरंच असं असेल तर ती सोन्यासारखी आहे, इतक्या वर्षांपूर्वीची नोंद कुणाकडेच नसते. म्हणाल्या, तुमच्या मैत्रिणीला तपासायला आणा. चाळिशी उलटली तरी उशीर झालेला नाही, तपासून औषध ठरवता येईल. पण तोवर तिला चुलीपुढे आणि विहिरीवर एकटी जाऊ देऊ नका. गुरुवारी, चार डिसेंबरला, सकाळी अकराची वेळ घेतली आहे. मला गादी इथेच उसवता आली असती. उसवली नाही, कारण ती वही तुझी आहे, तुझ्याबद्दलची आहे, आणि ती आधी तू वाचायला हवीस. उजवा कोपरा, जिथे टाके सगळ्यात वाकडे आहेत. वाचून तुला माझं तोंड बघायचं नसेल तर अकरमभाईंबरोबर ये, दवाखान्याचा पत्ता आणि नंबर पाकिटात वेगळा ठेवला आहे, मी तिथे येणार नाही. पण तू ये, आणि वही घेऊन ये. आणि मलिहाला ती दाखव, म्हणजे अम्मीचं लक्ष नसतं असं ती पुन्हा म्हणणार नाही. माझ्याकडे यायचं झालंच, तर गणेश आदल्या दिवशी, बुधवारीच गाडी घेऊन येईल, ईश्वरी तुझ्यासाठी चमचे मोजून ठेवते आहे. तू गेलीस की परत येईपर्यंत मी मोजत बसायची, बारापर्यंत तू यायचीसच. आताही मोजते आहे, दिवस. आज रविवार, म्हणजे एक.

तुझीच,
जयू